किर्लोस्करांनी आधी सायकली विकल्या, मग नोकरी सोडली

रविवारी सकाळी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. ‘आयटीची नोकरी म्हणजे सोन्याचा पिंजरा. आजच पेपर टाका, स्वतःचं अ‍ॅप काढा, सहा महिन्यांत झोपेतही पैसे येतील.’ खाली सात मुद्दे, दोन सिंह आणि कुठल्याशा कोर्सची लिंक. एरवी मी असलं काही उघडतही नाही. पण हा टाकला होता हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने. वर त्याची पुस्ती : ‘मावशी, तू पण सोडलीसच की. मी सोमवारी राजीनामा टाकतोय.’

हो, सोडली. 2019 च्या मार्चमध्ये. सांगलीत बसून हळदीच्या अडत्यांसाठी हिशेबपट्टीचं सॉफ्टवेअर करते. म्हणून तर हे वाचून डोकं फिरलं.

सगळ्यात घातक मुद्दा चौथा. ‘पीएफ हे तुमचंच भांडवल. काढा आणि स्वतःवर लावा.’ लिहिणाऱ्याला स्वतःचा पीएफ कधी होता की नाही, देव जाणे. भाच्याच्या नोकरीला सव्वाचार वर्षं झालीत. सलग पाच वर्षं भरायच्या आत पीएफ काढला तर त्यावर कर लागतो. ग्रॅच्युइटीलाही, म्हणजे नोकरी सोडताना कंपनी देते त्या रकमेलाही, पाच वर्षांचीच अट. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार धरला तर पाच वर्षांचे अडीच-तीन महिन्यांचे बेसिक पगार होतात. नऊ महिने कळ काढली तर करमुक्त पीएफ आणि ग्रॅच्युइटी दोन्ही पदरात पडतं. सोमवारी पेपर टाकून पीएफ काढला तर त्यावर कर, आणि ग्रॅच्युइटी नाहीच.

आणि फॉरवर्डमध्ये ज्याचा उल्लेखही नाही ते म्हणजे मेडिक्लेम. माझ्या बहिणीला शुगर आणि बीपी दोन्ही आहे. आज ती मुलाच्या कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आहे. तो बाहेर पडला की तीही बाहेर. बाजारात नवी पॉलिसी घ्यायला गेलं तर आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. नोकरी सोडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज करता येतो, पण तो वेळेत करावा लागतो. मिरजेत हॉस्पिटलं हाकेवर आहेत, बिलं काही हाकेवर भागत नाहीत.

मुद्दा दुसरा वाचून तर हसावं की रडावं कळेना. ‘आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी मुंबईची नोकरी लाथाडली म्हणून किर्लोस्करवाडी उभी राहिली!’ अरे, लक्ष्मणराव मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत होते तेव्हाच, 1888 मध्ये, बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं होतं. मुंबईहून हे सायकली पाठवायचे, तिकडे भाऊ रामूअण्णा विकायचे आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवायचे. नोकरी सुटली ती नंतर. लोखंडी नांगर त्याच्याही नंतर, आणि पहिले नांगर खपता खपेनात, कारण लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज. किर्लोस्करवाडी वसली 1910 मध्ये. पहिल्या सायकलीपासून बावीस वर्षं. फॉरवर्डवाले सहा महिने म्हणतात.

हा काही एकट्या किर्लोस्करांचा योगायोग नव्हे. रॅफी आणि फेंग या दोन अभ्यासकांनी 2014 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला : नोकरी सांभाळत धंदा सुरू करून मग पूर्णवेळ उतरणारे, आणि थेट उडी मारणारे. पहिल्या गटात धंदा बंद पडण्याचा धोका सुमारे एक तृतीयांशाने कमी निघाला. आकडे अमेरिकेतले आहेत, मान्य. पण तिकडच्या माणसालाही जर आधी पाण्यात पाय घालून बघावं लागतं, तर ईएमआय डोक्यावर असलेल्या आपल्या पोराने डोळे मिटून सूर का मारावा?

‘झोपेतही पैसे’बद्दल थोडक्यात. प्ले स्टोअरवर खातं उघडायला 25 डॉलर. नव्या वैयक्तिक खात्याला अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. मग कुठे पहिलं गिऱ्हाईक. माझं गिऱ्हाईक हळदीच्या सीझनला सकाळी सौदा सुरू व्हायच्या आत फोन करतं : ‘ताई, पट्टी निघंना!’ कुणाची झोप आणि कसलं काय.

‘गावाकडे खर्च कमी’ हे मात्र खरं. पुण्याच्या भाड्यात इथे सांगलीच्या विश्रामबागेत ऐसपैस राहता येतं. फक्त 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा माझ्या अडत्यांची गोदामं पाण्यात होती आणि त्या महिन्यात मला एक रुपयाही आला नाही. नोकरी सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. बाजूला काढून ठेवलेल्या वर्षभराच्या खर्चावर घर चाललं.

‘नोकरी तरी कुठे पक्की राहिलीय?’ हेही, नाइलाजाने, अर्धं खरं. टीसीएसने 2025 मध्ये सुमारे 12 हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, त्यानंतर पक्की नोकरी हा शब्द मीही जपूनच वापरते.

पण म्हणून ‘ऑफिसच्या वेळात गुपचूप सुरुवात करा’ हा सातवा मुद्दा? विप्रोने 2022 मध्ये प्रतिस्पर्ध्यांसाठीही काम करणाऱ्या 300 जणांना घरी पाठवलं होतं. मी माझ्या कंपनीकडून आधी लेखी परवानगी घेतली होती, आणि दोन वर्षं रात्री आणि रविवारी, स्वतःच्या लॅपटॉपवर काम केलं.

हे सगळं भाच्याला फोनवर सांगितलं. पेपर टाकणं तूर्त लांबलंय. शेवटी विचारलं, तुझं अ‍ॅप कुठल्या लॅपटॉपवर आहे?

‘मावशी, शनिवारी येतो तिकडे,’ म्हणाला. येताना अपॉइंटमेंट लेटर घेऊन ये म्हटलंय, कंपनीच्या लॅपटॉपवरच्या कामाबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघू.