जिभेवर ताबा नाही, असं कुणाला म्हणू नका

वजन वाढलेल्या किंवा रक्तातली साखर वाढलेल्या माणसाला एक वाक्य हमखास ऐकावं लागतं: "जरा मनावर घ्या." जणू त्याने आजवर मनावर घेतलंच नाही! मला या वाक्याचा मनापासून राग येतो. असा माणूस रोज रात्री झोपताना मनावर घेतच असतो. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दमून, भुकेने कावून घरी येतो. फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात अख्खा कोबी पडलेला असतो. तो काढा, धुवा, चिरा, शिजवा. इकडे टेबलावर बिस्किटांचा पुडा उघडाच असतो. पुडा संपतो आणि मग म्हणायचं, मन कच्चं आहे. अहो, मन कच्चं नव्हतं, कोबी चिरलेला नव्हता!

अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमधल्या केविन हॉल यांच्या गटाने २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. वीस जणांना तिथेच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात भरपूर प्रक्रिया केलेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे पुढ्यात ठेवलेल्या अन्नातल्या कॅलरी, साखर, मीठ, चरबी यांचा मेळ घातलेला होता, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नाच्या पंधरवड्यात ही मंडळी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं, साध्या अन्नावर जवळपास तेवढंच उतरलं. माणसं तीच होती, बदललं होतं ते फक्त पुढ्यातलं अन्न.

म्हणून माझं ठाम मत आहे: भूक लागल्यावर स्वतःशी कुस्ती खेळू नका. काय खायचं ते पोट भरलेलं असताना ठरवा. भाजी चिरून डब्यात ठेवा, फळं धुऊन डोळ्यांसमोर ठेवा, आणि जे खायचं नाही ते घरात आणूच नका. दुकानात एकदा नाही म्हणणं सोपं असतं, घरात दिवसातून दहा वेळा नाही म्हणणं फार कठीण.

आणि एखादा दिवस मोडला तर? इथेच बहुतेक जण हार मानतात. "आज खाल्लंच आहे, मग आता पोटभर खाऊन घेऊ, सोमवारपासून बघू." सोमवारची वाट कशाला बघायची? पुढचं जेवण आहे ना! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, पण माणसामाणसांत फरक प्रचंड, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे शेजारच्याला महिन्यात जमलं आणि आपल्याला सहा महिने लागले, तरी त्यात कमीपणा काही नाही. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

जिभेलाही वेळ द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. मीठ कमी केलं की सुरुवातीला सगळं अळणी लागतं आणि उत्साह तिथेच मावळतो. काही आठवडे नेटाने काढले तर तेच जेवण चवदार लागू लागतं, पूर्वीचं खारट वाटायला लागतं. ही गोष्ट पथ्य सांगणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवी. वीस वर्षांनी हृदयाचं काय होईल, ही भीती संध्याकाळी पाच वाजता कामाला येत नाही. दुपारचं जेवण हलकं झालं की डोळे मिटत नाहीत, हे मात्र त्याच दिवशी जाणवतं आणि उद्याही तसंच जेवावंसं वाटतं.

घरच्यांनाही एक कळकळीची विनंती. पथ्य एकाचं असलं तरी टेबल सगळ्यांचं असतं. त्याच्यासमोर पुडा फोडून "तू नको खाऊस हं" म्हणू नका. आज त्याच्याबरोबर बसून भाजी चिरा.