साडेतेरा गुंठ्यांचा ‘देश’

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपांवर हा फॉरवर्ड फिरून फिरून येतो: ‘जगातला सर्वात लहान देश व्हॅटिकन नव्हे, सीलँड! इंग्लंडजवळचं बेट, क्षेत्रफळ ०.२५ चौरस किलोमीटर, लोकसंख्या फक्त २७. ब्रिटिश कोर्टाने स्वातंत्र्य मान्य केलं, जर्मनीनेही मान्यता दिली. स्वतःचं चलन, स्वतःचा पासपोर्ट.’ परवा एका मुलाने सराव परीक्षेत हेच उत्तर लिहिलं आणि वर माझ्याशी हुज्जत घातली. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर.

पहिलं म्हणजे ते बेटच नाही. दुसऱ्या महायुद्धात जहाजांच्या वाटेवर पाणसुरुंग पेरणाऱ्या जर्मन विमानांना रोखायला ब्रिटिश नौदलाने १९४३ मध्ये उभा केलेला तो एक सागरी बुरूज आहे. सफोकच्या किनाऱ्यापासून साधारण १२ किलोमीटरवर. गाय मॉन्सेल या अभियंत्याची ही करामत: १६८ बाय ८८ फुटांचा काँक्रीटचा पोकळ तराफा, त्यावर दोन गोल पोकळ खांब, खांबांच्या डोक्यावर डेक आणि तोफा. हे सगळं थेम्सकाठी बांधलं, ओढबोटींनी समुद्रात नेलं आणि तराफ्यात पाणी शिरवून वाळूवर बसवलं. सैनिक खांबांच्या पोटात, एकावर एक रचलेल्या खोल्यांत राहायचे. १९५६ मध्ये नौदलाने तो रिकामा केला.

आता क्षेत्रफळ. पाण्याखालचा तो तराफा धरला तरी १४,७८४ चौरस फूट भरतात, म्हणजे साडेतेरा गुंठे. ०.२५ चौरस किलोमीटर म्हणजे जवळपास ६२ एकर! एवढी जमीन कोणत्या तलाठ्याने दाखवली, देव जाणे. आणि ते २७ जण? मुक्कामाला असतो एखाद-दुसरा राखणदार. ‘राजघराणं’, म्हणजे सीलँडवर हक्क सांगणारं बेट्स कुटुंब, राहतं इंग्लंडात, एसेक्समध्ये.

कोर्टाचा मुद्दा जरा नीट बघू, कारण सगळा डोलारा त्याच्यावर आहे. रॉय बेट्स हा माजी लष्करी अधिकारी. आधी दुसऱ्या एका बुरुजावरून तो चोरटं रेडिओ केंद्र चालवायचा. तो बुरूज ब्रिटिश हद्दीत निघाला आणि दंड बसला. मग त्याने तेव्हाच्या ३ सागरी मैलांच्या हद्दीबाहेरचा हा बुरूज गाठला आणि २ सप्टेंबर १९६७ रोजी स्वातंत्र्य जाहीर करून टाकलं. १९६८ मध्ये जवळच्या बोयाच्या (जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) कामासाठी आलेल्या बोटीच्या दिशेने त्याच्या मुलाने, मायकलने, गोळ्या झाडल्या. खटला चेम्सफर्डला चालला. घटना हद्दीबाहेरची, सबब आम्हाला अधिकार नाही, असं कोर्ट म्हणालं. एवढंच! ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं ठाण्यातल्या हवालदाराने सांगितलं, म्हणून घटनास्थळ स्वतंत्र राष्ट्र होत नाही. शिवाय १९८७ मध्ये ब्रिटनने हद्द १२ सागरी मैलांपर्यंत नेली, त्यात हा बुरूज आलाच. आणि संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारात स्वच्छ लिहिलंय: मानवनिर्मित बांधकामाला बेटाचा दर्जा नाही.

जर्मनीची गोष्ट तर सिनेमाला शोभेल अशी. ऑगस्ट १९७८ मध्ये आलेक्झांडर आखेनबाख या जर्मनाने भाडोत्री माणसं धाडून बुरूज ताब्यात घेतला आणि मायकलला ओलीस ठेवलं. रॉयने हेलिकॉप्टरने येऊन तो परत मिळवला आणि सीलँडचाच पासपोर्ट घेतलेल्या एका जर्मन वकिलाला ‘देशद्रोहा’खाली डांबलं. ब्रिटनने १९६८ च्या निकालाकडे बोट दाखवून हात वर केले, तेव्हा लंडनच्या दूतावासातून जर्मन अधिकारी तिथे गेला. वकील सुटला. ‘बघा, मान्यता मिळाली’ हे बेट्स कुटुंबाचं म्हणणं, जर्मनीचं नव्हे. उलट त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्याच कोलोनच्या न्यायालयाने सीलँड हा देश नाही असा निकाल देऊन ठेवला होता. फॉरवर्डवाले तो बरोब्बर गाळतात.

चलन म्हणाल तर ती हौशी संग्राहकांना विकायची नाणी. लॉर्ड-लेडी या पदव्याही ऑनलाइन विकत मिळतात. पासपोर्ट होते खरे, पण बनावट इतके पसरले की १९९७ मध्ये बेट्स कुटुंबानेच सगळे रद्द केले.

परीक्षेत उत्तर व्हॅटिकन, ०.४४ चौरस किलोमीटर. त्या मुलाचा गुण मी कापलेलाच आहे.