'सखी मंद झाल्या तारका' कुणाचं? भीमसेनजींचं की बाबूजींचं?

जुन्या गाण्याचं कव्हर, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणाच्या आवाजात, आलं की लगेच दोन तट पडतात. 'मूळ गाण्याची सर नाही' म्हणणारे एकीकडे आणि 'नव्या मुलांना करू द्या की काहीतरी' म्हणणारे दुसरीकडे. मी दोन्हीकडचे वाद मन लावून वाचते. आवाज, वाद्यं, सूर, व्हिडिओ, सगळ्यावर बोललं जातं. कवीने काय लिहिलंय आणि गाणाऱ्याने त्याचं काय केलंय, यावर मात्र क्वचितच कुणी बोलतं. माझ्या मते कव्हर चांगलं की वाईट हे तिथेच ठरतं.

'सखी मंद झाल्या तारका' घ्या. शब्द सुधीर मोघ्यांचे, चाल राम फाटकांची. पुणे आकाशवाणीसाठी हे गाणं आधी गायले पंडित भीमसेन जोशी. पुढे ते सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, आवाजात ध्वनिमुद्रित झालं आणि घरोघरी पोचलं ते बाबूजींचं. आजही अनेकांना तेच मूळ वाटतं. कालक्रम लावला तर बाबूजींचं गाणं दुसरं, म्हणजे आजच्या भाषेत कव्हरच. पण तसं म्हणायला आपली जीभ रेटत नाही, कारण ते ऐकताना कुणाची तरी आठवण काढून गायलंय असं क्षणभरही वाटत नाही.

दोन्ही एकापाठोपाठ ऐका, शक्यतो रात्री आणि हेडफोन लावून. भीमसेनजींच्या गाण्यात रात्र अफाट आहे. तो भरदार आवाज इतका आवरून घेतलेला आहे की त्या आवरण्यातच ओढ कळते. 'तारका'वरचा सूर सुटता सुटत नाही. माणूस वाट बघतोय, पण मोठ्या आकाशाखाली बघतोय. बाबूजींकडे आकाश मागे सरतं आणि माणूस पुढे येतो. 'आता तरी येशील का' ही ओळ ते जवळजवळ बोलतात. त्यातला 'तरी' ऐका. त्याच्यावर जोर नाही की सुरांची नक्षी नाही, पण याआधी किती वेळा विचारून झालं असेल ते त्या एका शब्दात समजतं. चाल तीच, शब्द तेच, आणि तरी दोन वेगळी माणसं दोन वेगळ्या रात्री जागी आहेत. मला विचाराल तर मी बाबूजींकडे झुकते. पण भीमसेनजींचं ऐकल्यावर पुढचा तासभर दुसरं काही ऐकवत नाही, हेही खरं.

राम फाटकांचं नाव इथे मुद्दाम घेते. भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल' सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे, पण ती चाल फाटकांची हे किती जणांना माहीत असतं?

गीतरामायणाची गोष्ट तर याहून मोठी. १ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवर पहिलं गीत लागलं आणि पुढे वर्षभर गदिमा लिहीत गेले, बाबूजी चाली बांधत गेले. एकूण ५६ गीतं झाली. पण रेडिओवर ती सगळी बाबूजींनी गायली नव्हती. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक अशी किती तरी मंडळी त्यात होती. पात्र बदललं की आवाज बदलायचा. नंतर बाबूजींनी सगळी ५६ गीतं स्वतः गाऊन ध्वनिमुद्रित केली, त्यांचे कार्यक्रम केले, आणि आपल्या कानात आज तोच आवाज आहे. कौसल्या, सीता, शबरी, सगळ्यांची गाणी एका पुरुषाने गायली आणि कुणाला ते खटकलं नाही. उच्चार इतके नितळ, की कोण गातंय याच्याआधी कोण बोलतंय हे कळतं.

हुबेहूब नक्कल करणं वाईटच, असंही मी म्हणणार नाही. २०११ च्या 'बालगंधर्व' चित्रपटासाठी आनंद भाटे गायले तेव्हा तो गळा, ती लय, ते लाडिक वळण तसंच यायला हवं होतं, आणि ते आलं. त्या कामाची गरजच ती होती. उलट कुमार गंधर्वांनी 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम केला तेव्हा त्यांनी नारायणरावांचा, म्हणजे बालगंधर्वांचा, आवाज काढला नाही. पदं तीच घेतली आणि स्वतःच्या गळ्याने, स्वतःच्या विचाराने मांडली. त्या काळातही यावर नाकं मुरडणारे असणारच. पण एका मोठ्या गायकाने दुसऱ्यावर इतका उघड, इतका अभ्यासून जीव लावावा, हे मला आजही भारावून टाकतं.

आता उलट बाजूचं उदाहरण. 'झिंगाट'. मराठी 'सैराट' २०१६ चा, हिंदी 'धडक' २०१८ चा. संगीतकार तेच अजय-अतुल, गाणारेही तेच, ठेकाही तोच. हिंदीत फक्त शब्द बदलले, सोलापूरकडची बोली गेली, आणि माझ्यासाठी गाणं पोकळ झालं. पाय हलतात, पण त्या पोराच्या छातीतली धडधड ऐकू येत नाही.

यूट्यूबवरच्या अनप्लग्ड कव्हर्सबद्दल माझी तक्रार हीच आहे. गिटार असू दे, पियानो असू दे, लय संथ करा, माझी हरकत नाही. पण 'सखी मंद' म्हणून श्वास घ्यायचा आणि मग 'झाल्या तारका' म्हणायचं, याने ओळ मोडते. शेवटचा अंतरा वेळ वाचवायला गाळला की कविता अर्धी राहते. बऱ्याच कवितांचा जीव शेवटच्या कडव्यात असतो. 'ळ'चा 'ल' होतो, शब्दांची टोकं गिळली जातात, आणि वर इतका एको असतो की उरलेलं धूसर होतं. आवाज सुरेख असतो म्हणूनच जास्त वाईट वाटतं. ही मुलं रियाज करतात, मेहनत घेतात. गाण्याआधी ती कविता दोनदा मोठ्याने वाचायला कुणीतरी सांगायला हवं.

आणि नावं! व्हिडिओखाली गायक, गिटारवाला, कॅमेरा, एडिटिंग, कपडे, मेकअप, सगळ्यांची नावं असतात. कवी आणि संगीतकार गायब. काही ठिकाणी तर 'ओरिजिनल : लता मंगेशकर' एवढंच लिहून मोकळे होतात. लताबाईंनी गाणं अजरामर केलं हे कबूल, पण ते कुणीतरी लिहिलं होतं, कुणीतरी बांधलं होतं. दोन ओळी टाइप करायला किती वेळ लागतो?

मूळ गाण्याइतकंच किंवा त्याहून जास्त भिडलेलं एखादं कव्हर तुमच्याकडे असेल तर कमेंटमध्ये नक्की टाका. मी प्रत्येक ऐकणार आहे. फक्त लिंकसोबत कवीचं आणि संगीतकाराचं नाव लिहा.