दोन तासांचं अंतर ठेवून काही उपयोग होत नाही

बीपीच्या गोळीनंतर दोन तासांनी गुडघेदुखीची पेनकिलर घेतली की काही त्रास नाही, असा मेसेज फिरतोय. हे चूक आहे, कारण भानगड पोटात नाही, किडनीत होते. टेल्मिसार्टन ही बीपीची गोळी, लघवी वाढवणारी गोळी आणि वरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी पेनकिलर, तिन्ही मिळून किडनीतला रक्ताचा दाब पाडतात आणि सत्तरीतल्या आजी-आजोबांची किडनी आधीच थकलेली असते, त्यात उलट्या-जुलाब झाले तर अजूनच धोका. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका! डायक्लोफिनॅक शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या यादीतलं आहे, चिठ्ठीशिवाय मागूच नका, आणि केमिस्टकडे जाताना घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून न्या, फार्मासिस्टला दाखवा, कारण तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र बघणारा बऱ्याचदा तोच एकटा असतो.