पाटे काढा, आर्म वेल्ड करा म्हणे!

सध्या एक व्हिडिओ गाडीवेड्यांच्या फोनांतून फिरतोय. जुन्या गाडीचे मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) काढा, घरच्या घरी टॉर्क आर्म बनवा, दोन दिवसांत गाडी रेसला तयार. फिरू दे म्हणून सोडून दिलं असतं, पण मिशिगनच्या भाच्याने तो बघून आपल्या 1969 च्या कॅमॅरोसाठी (शेवरोले कंपनीची गाडी) पाइप आणलासुद्धा. वर मलाच विचारतोय, "मामा, वेल्डिंग कुठून सुरू करू?"

कुठूनच नको. आधी हे वाच.

टॉर्क आर्म म्हणजे डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांच्या) हाऊसिंगला, म्हणजे कवचाला, घट्ट बसवलेला, पुढे गेलेला लांब दांडा. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हाऊसिंग तोंड वर करू बघतं, त्याला हा थोपवतो. आता व्हिडिओतली रत्नं.

"सगळी खोड पाट्यांची." अर्धं खरं, घ्या. 1967 च्या कॅमॅरोला बाजूला एकेकच पाटा होता. जोर लावला की तो पिळायचा आणि मागची चाकं उडायची. पण 1968 ला कंपनीनेच जास्त ताकदीच्या मॉडेलांना अनेक पाट्यांचा संच दिला आणि शॉकअप एक पुढे, एक मागे असे बसवले. म्हणजे पाट्यांवरही इलाज होता.

"आर्म जितका आखूड, तितकी पकड जास्त." हे ऐकून डोकंच फिरलं. हिशोब करू. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, 400 न्यूटन मीटर, पहिल्या गिअरचं गुणोत्तर 2.5, डिफरन्शियलचं 3.73 धरा. तिन्हींचा गुणाकार केला की हाऊसिंगवर सुमारे 3,730 न्यूटन मीटर येतात. आर्म 1.2 मीटरचा असेल तर त्याचं पुढचं टोक गाडीला साधारण 315 किलोच्या जोराने वर ढकलतं. 60 सेंटिमीटरचा केला की 630 किलो. निघताना मागचा भाग बसत नाही, चाकं जमिनीवर दाबली जातात, हे खरंच. व्हिडिओवाला तेवढंच दाखवतो. ब्रेक मारल्यावर काय होतं? तोच जोर उलटा. टोक गाडीला खाली खेचतं, चाकांवरचा भार हलका होतो आणि अ‍ॅक्सल (मागची दोन चाकं जोडणारा आस) थडथड नाचू लागतो. हायवेवरून उतरताना, वळणावर, ओल्या रस्त्यात हे झालं तर गाडी फिरलीच समजा. शिवाय या कॅमॅरोला पुढे बोल्टने जोडलेली सबफ्रेम (वेगळी लोखंडी चौकट) आणि मागे नुसता पत्र्याचा सांगाडा. दोन्ही एकमेकांना नीट बांधल्याशिवाय ते 630 किलो झेलणार कोण, फ्लोअरचा पत्रा?

"पुढचं टोक वेल्ड करा, आवाज येणार नाही." खरंय, थोडे दिवस येणार नाही. नंतर वेल्ड फुटल्याचा येईल. खड्ड्यात अ‍ॅक्सल वर गेला की त्याला पुढेमागे धरणारे खालचे दोन आर्म त्याला एका कमानीत फिरवतात आणि टॉर्क आर्म दुसऱ्या. त्यामुळे टोकाला काही मिलिमीटर पुढेमागे सरकायला जागा लागतेच, गाडी कलली की थोडं पिळायलाही. म्हणून तिथे रबर बुश (रबराची गादी), नाहीतर झुलती शॅकल (हलणारी जोडपट्टी) असते. शंका असेल त्याने 1982 ते 2002 ची कुठलीही कॅमॅरो लिफ्टवर चढवून खालून बघावी. कंपनीने एवढी वर्षं हीच रचना विकली. लांब आर्म, पुढे रबर, खाली दोन आर्म, कॉइल स्प्रिंग.

आणि अ‍ॅक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी आडवी दांडीही, जी व्हिडिओत "फालतू वजन" ठरली आहे. पाटे काढल्यावर अ‍ॅक्सलला डावीउजवीकडे धरून ठेवणारं दुसरं काही उरत नाही. यावर जास्त बोलत नाही.

तर भाच्या, आधी सगळं नुसतं टाके मारून (वेल्डचे तात्पुरते ठिपके देऊन) जोड. स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल जॅकने पूर्ण वर ने, पूर्ण खाली सोड, मग एका बाजूनेच उचल. आर्म फ्लोअरला लागतो का, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्समधून मागे जोर नेणारा दांडा) घासतो का, पिनियनचा (तो दांडा जिथे डिफरन्शियलला जोडतो त्या गिअरचा) कोन किती बदलतो ते मोजून मला पाठव. पक्कं वेल्डिंग त्यानंतर.