विद्युतीकरण म्हणजे नेमकं काय?

पुतण्या स्पर्धा परीक्षेचं पाठ करायलाय. आज दुपारी मोठ्यानं वाचला, गावातल्या किमान 10 टक्के घरांत वीज असली की त्या गावाचं विद्युतीकरण झालं. मी म्हणलं परत वाच. परत तेच! म्हणजे शंभरातली नव्वद घरं अंधारात असली तरी चालतंय. तवापासून डोकं भणभणायलंय.

ही सरकारी व्याख्या 2004 ची. वस्तीत तारा-डीपी (ट्रान्सफॉर्मर), शाळा, ग्रामपंचायत, दवाखान्यात वीज, आन 10 टक्के घरं. आन ही सुधारलेली बरं का. 1997 च्या आधी तर गावाच्या महसुली हद्दीत कुठंबी, कशालाबी वीज वापरली की गाव मोजून मोकळे.

माझ्या आईचं माहेर परळीकडं. तिथं पहिली लाईट आली ती एका बागायतदाराच्या विहिरीवर, मोटरला. गावात एकाबी घरात नाही. लांबून थर्मलच्या, म्हणजे परळीच्या वीज केंद्राच्या, चिमण्या दिसायच्या आन ह्या पोरी रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करायच्या, सकाळी नाकात काजळी. त्या व्याख्येनं मोटर मोजली, माझी आई नाही मोजली.

संस्कृतात विद्युत् म्हणजे आभाळात चमकती ती वीज. आन जे आधी तसं नव्हतं ते तसं करायचं असलं की '-ईकरण' लागतं, जसं शुद्धीकरण. मग अंधार होता तिथं उजेड करणं, एवढा सरळ अर्थ हाय ना? त्यात 10 टक्के कुठून घुसले?

28 एप्रिल 2018 ला मणिपूरच्या लेइसांगला वीज पोचली आन देशातली सगळी गावं झाली असं जाहीर झालं. पुढं घरोघरी वीज जोडायच्या सौभाग्य योजनेत आमच्या वस्तीवरबी मीटर बसले, मान्य, चांगलंच झालं. पण लाईट किती तास राहती हे त्या व्याख्येत कुठंच नाही. भाऊ हरभऱ्याला पाणी द्यायला रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन जातो, सरीत साप असतेत, वहिनी तो येईस्तोवर जागी. डीपी जळाला तर पुढचे आठ दिवस विचारूच नका.

संध्याकाळी आईला हे सगळं सांगितलं तर म्हणती, "जाऊ दे बाबा, आता हाय ना घरात." तिचं बरोबर हाय, तिनं लई सोसलंय. पण तिच्या त्या गावातली मोटर माझ्या डोक्यातून जाईना.

पुतण्याला म्हणलं पेपरात 10 टक्केच लिही, मार्क घालवू नको. मी मात्र येत्या ग्रामसभेत विचारणार हाय, गावात रोज किती तास लाईट असती ते बोर्डावर लिहा आन शेतीला दिवसा लाईट कधीपासून ते सांगा. गावाकडं जे हायत त्यांनी या, एकट्याचं कोण ऐकत नाही.