‘लाइट विंडोज’ म्हणजे हलके विंडोज नव्हे

‘दोन जीबी रॅमचा संगणक भंगारात काढू नका’ असा संदेश गेले काही महिने फिरत आहे. त्यात चार दावे आहेत: विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत संगणक प्रणाली टाकली की असा संगणक नव्यासारखा पळतो, 32 बिट (जुन्या प्रोसेसरांसाठीची) आवृत्ती नेहमी हलकी म्हणून तीच घ्यावी, लिनक्सला व्हायरस लागत नाही, आणि हे सर्व जमत नसेल, तर खालच्या लिंकवरून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) आणि अपडेट काढून टाकलेले ‘लाइट विंडोज’ उतरवून घ्यावे. मी त्याकडे दुर्लक्षच केले असते, पण माझ्या आत्याने हा चौथा सल्ला अमलात आणला आणि ‘बघ, कसा पळतोय’ म्हणून लॅपटॉप माझ्यापुढे ठेवला.

म्हणून सुरुवात शेवटच्या दाव्यापासूनच करतो. त्या लॅपटॉपवर विंडोज सिक्युरिटीची खिडकी उघडली तर ती कोरी होती, अपडेटचे पान नुसती त्रुटी दाखवत होते, आणि याच यंत्रावरून आत्या बँकेचे व्यवहार करत होती. कोणा अनोळखी माणसाने मायक्रोसॉफ्टची मूळ फाइल उलगडून, हवे ते काढून आणि कदाचित हवे ते घालून पुन्हा बांधलेली ही वस्तू आहे. मायक्रोसॉफ्ट आपल्या मूळ फाइलचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा, प्रसिद्ध करते, पण बदललेल्या फाइलचा हॅश त्याच्याशी जुळण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे आत काय आहे हे तपासायला सामान्य माणसाकडे काहीच उरत नाही. अपडेट नसल्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांनी ‘वॉनाक्राय’ हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर आठवावे. ज्या त्रुटीतून ते पसरले, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिली होती. हल्ला झाला 12 मे रोजी. मधल्या जवळजवळ दोन महिन्यांत ज्यांनी ती दुरुस्ती बसवली नाही, त्यांच्या फाइलींना कुलपे लागली आणि ब्रिटनमधल्या रुग्णालयांचे कामकाजही कोलमडले. डिफेंडरचे स्कॅन चालू असताना मंद प्रोसेसर रखडतो, हे मी नाकारत नाही. पण दाराची कडी काढून ‘दार हलके झाले’ म्हणण्यातला हा प्रकार आहे.

लिनक्सने संगणक नव्यासारखा पळतो हा दावा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. लुबुंटू किंवा अँटिएक्स यांसारख्या प्रणाली स्वतःपुरती मेमरी खरोखरच कमी घेतात. पण मेमरी खाणारा खरा गडी ब्राउझर असतो, आणि तो कोणत्याही प्रणालीवर तोच असतो. रॅम भरली की प्रणाली मजकूर डिस्कवर हलवू लागते, आणि स्वस्त यंत्रातली ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली संथ साठवण) किंवा जुनी हार्ड डिस्क तिथेच दम टाकते. झेडरॅम ही लिनक्समधली सोय चालू केल्यास मजकूर रॅममध्येच दाबून ठेवला जातो आणि थोडा दिलासा मिळतो. संदेशावर विसंबण्यापेक्षा प्रणाली बसवण्याआधी ती पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहावी, रोजचे टॅब उघडावेत आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) ‘फ्री’ ही आज्ञा देऊन ‘अव्हेलेबल’ हा रकाना पाहावा. शेजारचा ‘फ्री’ रकाना पाहून घाबरू नये, कारण मोकळी मेमरी लिनक्स कॅशसाठी, म्हणजे पुन्हा लागू शकणारा मजकूर हाताशी ठेवण्यासाठी, वापरतेच.

बाकीचे दोन दावे थोडक्यात. 32 बिट प्रणाली मेमरी किंचित कमी घेते, पण ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या लिनक्स प्रणालीने 32 बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरच बंद केला; प्रोसेसर 64 बिट असताना मुद्दाम मागे जाण्यात अर्थ नाही. आणि लिनक्सला व्हायरस लागत नाही म्हणावे, तर 2016 चे ‘मिराई’ हे घातक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांत आणि राउटरांतच शिरले होते.

असे संदेश आत्ताच का फोफावतात, हे समजण्यासारखे आहे. विंडोज 10 चा नियमित पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि विंडोज 11 ला किमान 4 जीबी रॅम आणि टीपीएम 2.0 हा संगणकातला सुरक्षा घटक लागतो. लोकांची अडचण खरी आहे, उपाय मात्र घातक आहे.

आत्याला मी बँकेचा पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलायला लावला, ती आवृत्ती पुसली आणि लुबुंटू बसवले. ते ‘लाइट विंडोज’इतके चटकन सुरू होत नाही, अशी तिची तक्रार आहे, आणि ती खरी आहे.